मामा, तुमची सतरावी फेरी

सात फेब्रुवारी, शनिवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. एकूण मतं पंचेचाळीस, निवडीला लागणार तीस. हजर: नऊ वस्त्यांची प्रत्येकी पाच माणसं, अध्यक्षस्थानी तुम्ही, मतं मोजायला मी, आणि गोदामाच्या दारात खुर्ची टाकून, तुमच्या गोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या मामी.

मामा, तुम्ही असता तर पहिल्याच ओळीवर मला अडवलं असतंत. ‘धा वीस न्हाई भाचेबुवा, धा अठरा.’ तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढलेल्या गार्डाचं घड्याळ चुकत नाही, हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी वही माझ्याकडं होती, म्हणून वेळ माझ्या घड्याळाची राहिली. आता ती तुम्हाला खोडता येणार नाही. तुम्ही गेल्यापासून सगळ्यात जास्त मला हेच टोचतं. माझा आकडा खोडणारं कुणी उरलं नाही.

तुमची नोकरी, बदल्या, सेवेचं प्रमाणपत्र, मुलींची लग्नं हे सगळं दहाव्याच्या भाषणांत येऊन गेलं. सहा जण बोलले. मी मोजले. एकानंही अमेरिकेचं नाव काढलं नाही. ज्या माणसानं उभं आयुष्य त्या देशातल्या जुन्या अधिवेशनांत घालवलं, त्याला निरोप देताना ते एक नाव राहून जावं, हे काही बरोबर झालं नाही. म्हणून लिहायला बसलो.

दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं वाचनालय आवरायला काढलं, तेव्हा रद्दीच्या ढिगात तुम्हाला ते जाड इंग्रजी पुस्तक सापडलं. कव्हर गेलेलं, पहिली अकरा पानं गेलेली. लेखक कोण हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आत होती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची पक्ष-अधिवेशनं. राष्ट्राध्यक्षपदासाठी आपला माणूस कोण उभा करायचा, हे ठरवायला सगळ्या राज्यांचे प्रतिनिधी एका शहरात जमायचे आणि नाव पक्कं होईपर्यंत मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या घ्यायचे. तुमची मालगाडी कुठल्यातरी लूपलाईनला काढून ठेवायचे, शेजारून मेल जायची, एक्स्प्रेस जायची, आणि तुम्ही गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये डिक्शनरी मांडीवर घेऊन बाल्टिमोरच्या अधिवेशनात बसलेले असायचा. गाड्यांनी उशीर केला म्हणून तुमचं इंग्रजी सुधारलं, असं तुम्हीच सांगायचा.

कॉलेजची तीन वर्षं मी तुमच्या क्वार्टरमध्ये राहिलो. मामी ताटात भाकरी वाढायच्या आणि तुम्ही न्यूयॉर्क वाढायचा. पक्षांची नावं तुम्ही कधी घेतली नाहीत. एक गाढववाले, दुसरे हत्तीवाले. आपल्याकडं निशाणीवरूनच पक्ष ओळखतात, मग त्यांनाच वेगळा मान कशाला, असं तुमचं म्हणणं. गाढववाल्यांचं न्यूयॉर्कमधलं एकोणीसशे चोवीस सालचं अधिवेशन तुमचं सगळ्यात लाडकं. सोळा दिवस, एकशे तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीला नावं पुकारताना पहिलं राज्य अलाबामा, आणि प्रत्येक फेरीला त्यांचे गव्हर्नर उठून तेच ओरडायचे: चोवीस मतं आमच्या माणसाला! रेडिओ नुकताच आला होता. घरोघरी ऐकणारी माणसं त्यांच्याबरोबर ओरडायला लागली. तीन वर्षं रोज सकाळी तुम्ही मला ‘अलाबामा, चोवीस मतं!’ असं ओरडून उठवलंत. शेजारच्या फिटरला वाटायचं, भाच्याचं नावच अलाबामा आहे.

मामी म्हणायच्या, ‘ह्यांचं नाव दौंडच्या यादीत हाय, पर मत न्यूयॉर्कात पडतंय.’

आपलं भांडण तिथंच सुरू झालं, आणि ते मिटवायचं राहूनच गेलं. हत्तीवाल्यांत निम्म्याहून एक मत जास्त मिळालं की माणूस निवडून यायचा. गाढववाल्यांत दोन तृतीयांश लागायची. चोवीस साली एक हजार अठ्ठ्याण्णव मतं होती, म्हणजे सातशे बत्तीस. मी म्हणायचो, हा नियम मूर्खपणाचा आहे. बारा साली बाल्टिमोरला एका माणसानं दहाव्या फेरीत निम्म्याची हद्द ओलांडली आणि तरी शेचाळिसाव्या फेरीत दुसराच निवडून आला. हा अन्याय नाही तर काय? तुम्ही चूळ भरून यायचा आणि शांतपणे म्हणायचा, ‘निम्म्याहून एक जास्त म्हंजी बाकीचं निम्मं घर हरलं. हरलेलं निम्मं घिऊन निवडणूक कशी लढायची?’

‘पण चोवीस साली एकशे तीन फेऱ्या करून उभा केलेला माणूस नोव्हेंबरच्या निवडणुकीत पडलाच ना, मामा? आणि छत्तीस साली त्यांनीच तो नियम काढून टाकला.’

‘काढला म्हंजी चुकीचा व्हता आसं न्हाई. मालगाडीचा गार्डबी काढला की सरकारनं. मी काय चुकीचा व्हतो व्हय?’

तिशी उलटली, चाळिशी उलटली, शिरूरच्या पतसंस्थेत माझी नोकरी मुरली, तरी दिवाळीला दौंडला आलो की आपण तिथूनच सुरू करायचो.

आता गोदामातल्या त्या दोन दिवसांकडं येतो. ते तुम्हाला पाठ आहेत, पण तुमच्या बाजूनं. मी माझ्या बाजूनं सांगतो.

भीमेवरून पाणी उचलणारी आपल्या गावची संस्था, दोन मोटारी, नऊ वस्त्या. डिसेंबरात मोठी मोटार जळाली. एका मोटारीवर पाणी पाचव्या वस्तीपर्यंत जायचं आणि पुढं पाईप कोरडा. सहाव्या वस्तीपासून नवव्यापर्यंत कांदा, शेवंती, टोमॅटो उभे. जळालेली मोटार नव्या तारेनं भरून आणण्यापुरते पैसे संस्थेकडं होते. पण नेमकी निवडणूक लागली, आणि निवडणुकीचा खर्च संस्थेनंच भरायचा. म्हणजे मतदान झालं तर मोटार नाही, आणि मोटार पाहिजे तर बिनविरोध. तेरा जागांना एकतीस अर्ज आलेले. जागांची वाटणी कशीबशी जमत होती; अडलं होतं अध्यक्षावर. वरच्या वस्त्यांना आबा पाहिजेत, जे दहा वर्षं खुर्चीवर होते. खालच्या वस्त्यांना रंगनाथ, ज्याची शेती शेवटच्या टोकाला. अर्ज मागं घ्यायची मुदत सोमवारी दुपारी तीन.

तुम्ही तेव्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात होता. तरी रिक्षा करून गावात आलात आणि पारावर सांगितलंत, ‘मला दोन दिवस द्या आन् खताचं गोदाम द्या.’

रंगनाथ म्हणाला, ‘मामा, आयुष्यभर लाल झेंडी दावली, आता हिरवी दावायला आला व्हय?’

‘दोन्ही आणल्यात. कवा कुठली दावायची ते मला कळतंय.’

तुमचे नियम मी त्याच दिवशी लिहून घेतले. वस्तीनं हजेरी. प्रत्येकाची चिठ्ठी, वस्तीवार डबा, मोजणी सगळ्यांसमोर मोठ्यानं. कमी मतांच्या माणसाला बाहेर काढायचं नाही. नवीन नाव कुठल्याही फेरीत चालेल. तीस मतं पडल्याशिवाय सभा संपली म्हणायचं नाही. आणि गोदामाला एकच दार आहे म्हणूनच ते गोदाम. वीस साली शिकागोला हत्तीवाल्यांनी हॉटेलच्या खोलीत, धुरात बसून चौघांत नाव ठरवलं असं म्हणतात; तसलं इथं चालणार नाही. आबांनी विचारलं, ‘मंग इडी वडायची कुठं?’ तुम्ही म्हणालात, ‘भाईर. धूर दिसला की मला खोली दिसती.’

मोजायला मला बसवलं, कारण मी गावाचा भाचा. आईच्या वाट्याची पावणेदोन एकर माझ्या नावावर आहे, पण भावकी कुठलीच नाही. ‘भाच्याला दोन्हीकडं जेवायला मिळतं, म्हणून त्याला खोटं बोलायचं कारण न्हाई,’ असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. इतका सरळ विश्वास माझ्यावर पतसंस्थेतही कुणी टाकलेला नाही.

पहिली फेरी: आबा सतरा, रंगनाथ पंधरा, बाकी तेरा. ती तेरा मतं सात माणसांत फुटली होती. जो तो आपल्या वस्तीचंच नाव घालत होता. तुम्हाला काय आनंद झाला मामा! ‘लाडके लेक,’ तुम्ही म्हणालात. ‘तिकडंबी आसंच. दर राज्य पयल्यांदा आपल्याच लाडक्या लेकाला मत देतंय. दमलं की सोडतंय.’ आंबेवस्ती यादीत पहिली, म्हणून दरवेळी तुम्ही ‘आंबेवस्ती!’ अशी हाक द्यायचा आणि तिची मतं मी वाचायचो. तिसऱ्या फेरीला मागून कुणीतरी ओरडलं, ‘अलाबामा!’ सगळं गोदाम हसलं. तुमचं गुपित पूर्वीच फुटलं होतं, फक्त तुम्हाला माहीत नव्हतं.

आठव्या फेरीत आबांना चोवीस पडली. मी उठून उभा राहिलो. पंचेचाळीसातली चोवीस, म्हणजे निम्म्याहून दीड जास्त. माझ्या हिशेबानं झालं होतं. वरच्या वस्त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकानं तर हार आणायला माणूस धाडला. खालच्या वस्त्या उठून दाराकडं निघाल्या. रंगनाथ म्हणाला, ‘आता सोमवारी बगू. अर्ज काय मागं घेत नसतो.’

तुम्ही टेबलावर घड्याळ आपटलंत. तुमचा आवाज तेव्हा अगदी बारीक झाला होता, तरी शेवटच्या पोत्यापर्यंत गेला. ‘तीस म्हणलोय. चोवीस न्हाई. बसा खाली.’ आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणालात, ‘बाल्टिमोर, दहावी फेरी. तूबी बस.’

मी बसलो. पण मनात म्हणालो, मामा, तुमच्या हट्टापायी आज गावाचं पाणी जाणार.

दहाव्या फेरीनंतर सगळे कंटाळले. आबा वीस-बावीस, रंगनाथ वीस, यापुढं हलेना. तुम्ही पाणी पिऊन उभे राहिलात आणि म्हणालात, ‘दोन बैल आडले की गाडी आडती. आशा वेळी तिकडं काळा घोडा काढत्यात. ज्याचं नाव कुणाच्या तोंडात न्हाई, पर ज्याच्यावर कुणाचा राग न्हाई, आसा. आता काळा घोडा पायजे.’

अकरावी फेरी. आंबेवस्तीच्या डब्यातली पाचवी चिठ्ठी उघडली. त्यावर फक्त ‘काळे’ एवढंच लिहिलेलं. मी दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं.

‘कोण काळे?’ आबांनी विचारलं.

मी सभासद यादी काढली. आडनाव काळे, एकच. सुमन काळे. नवव्या वस्तीवर तीस गुंठे शेवंती, नवरा चार वर्षांपूर्वी गेला, गावात त्यांच्या आडनावाचं दुसरं घर नाही. महिला राखीव जागेवर त्यांचा अर्ज होता, कारण दुसऱ्या कुणी भरला नव्हता. आणि त्या वेळी त्या गोदामात नव्हत्याच. फुलं तोडत होत्या.

मी तुमच्याकडं आलो आणि कानात सांगितलं, ‘मामा, ही चिठ्ठी बाद करा. पूर्ण नाव नाही.’

‘यादीत काळे किती?’

‘एक.’

‘मंग काय बाद? धर.’

‘पण कुणी थट्टेनं—’

‘वीस साली सान फ्रान्सिस्कोला दोन बायकांना एकेक मत पडलं व्हतं. तीबी लोकांनी थट्टाच समजली आसंल. तरी पुस्तकात छापलंय. धर म्हणलो ना.’

मी धरली. आबा एकवीस, रंगनाथ वीस, इतर तीन, काळे एक. मामा, मी खरं सांगतो, तेव्हा वहीत तो एकाचा आकडा मी इतका बारीक लिहिला की आज बघायला गेलो तर भिंग लागलं.

शनिवारी बाराव्या फेरीला थांबलो. संध्याकाळी गावात एकच विषय: ‘काळे’ कुणी काढलं? आणि तो प्रश्न विचारता विचारता माणसं तिच्याबद्दल बोलायला लागली. रविवारी सकाळी आठला मी गोदामाच्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा दोन गडी बोलत होते. ‘त्या बाईनं मागल्या साली मला पाणी परत केलंय.’ ‘पाणी परत? कसं?’ ‘तिच्या पाळीला चाळीस मिंटं जास्ती गेलं. फुडल्या पाळीला तिनं चाळीस मिंटं आदी व्हॉल्व्ह बंद केला. मला फोन केला, म्हणली, भाऊ, तुमचं राहिलंय.’

पाणी परत मिळालेला तो गडी रंगनाथ होता.

तेरावी फेरी, काळे चार. चौदावी, अकरा. पंधरावी, अठरा, आणि आबा चौदावर. त्यांच्या वस्तीतला एक जण ओरडला, ‘महिला राखीववरनं आलेली बाई अध्यक्ष कशी हुईल?’ माझ्याकडं पोटनियमांची पुस्तिका होती. मी वाचून दाखवलं: समितीचा कोणताही सदस्य. कोणताही म्हणजे कोणतीही. तुम्ही नुसतं माझ्याकडं बघितलंत. तीस वर्षांत पहिल्यांदा एखाद्या फेरीत मी तुमच्या बाजूनं बोललो होतो.

सोळावीला सत्तावीस. कुणीतरी मोटारसायकल घेऊन त्यांना आणायला गेलं. त्या आल्या, हाताला शेवंतीचा पिवळा लागलेला, पदर खोचलेला. दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘कुणी काढलं माझं नाव? मला न इचारता?’

‘गावानं,’ तुम्ही म्हणालात.

‘गावाला माझं घर तरी म्हाईत हाय का? दोन म्हयनं झालं, आमच्या चेंबरच्या हौदात पाणी न्हाई, तवा कोण आलं न्हाई बगायला.’

आबांनी मान खाली घातली. मग त्याच म्हणाल्या, ‘आदी मोटार, मंग बाकी. आन् न वाचता मी सही करनार न्हाई. चालत आसंल तर मोजा.’

सतरावी फेरी. दुपारी दोन चाळीस. मी नऊ डबे मोजले. आबा पाच, रंगनाथ चार, सुमन काळे छत्तीस. पुन्हा मोजले. छत्तीस.

गोदामात जो आवाज उठला तो मला अजून ऐकू येतो. माणसं पोत्यांवर उभी राहिली. पण तुम्ही हात वर केलात, अजून संपलं नव्हतं. ‘हरलेल्यानं उठून एकमत मागायचं, ही रीत हाय,’ असं तुम्ही शनिवारीच सांगून ठेवलं होतं. सगळे आबांकडं बघायला लागले. दहा वर्षांचा अध्यक्ष, वय सत्तरच्या पुढं. ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, ‘माझी पाचबी तिलाच धरा. एकमतानं म्हणा.’ रंगनाथ म्हणाला, ‘माझी चार.’ पंचेचाळीसातली पंचेचाळीस. मी ते वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं.

मामा, तुमच्याकडं बघितलं तेव्हा तुम्ही रडत नव्हता. तुम्ही हसत होता, आणि दोन्ही हातांनी टेबल धरून ठेवलं होतं. मामी आत आल्या, तुम्हाला गोळी दिली आणि म्हणाल्या, ‘झालं तुमचं न्यूयॉर्क? चला आता दौंडला.’ सोमवारी दीड वाजता अठरा अर्ज मागं निघाले. तेरा जागा, तेरा माणसं.

मी तुम्हाला त्या दिवशी काही बोललो नाही. तुमच्या हट्टामुळं पाणी जाणार असं मला वाटलं होतं, हेही नाही, आणि मी चुकलो होतो, हेही नाही. आठव्या फेरीला माझा नियम लागला असता तर आबा अध्यक्ष झाले असते, रंगनाथनं अर्ज ठेवला असता, मतदान झालं असतं आणि मोटार तशीच पडून राहिली असती. हा हिशेब मी तुमच्यासमोर करून दाखवायला हवा होता. शनिवारी येतो म्हणालो होतो, आणि तुम्ही शुक्रवारी, वीस तारखेला गेलात. आता कबूल करतो: त्या गोदामात, त्या पंचेचाळीस माणसांसाठी, तीस हाच बरोबर आकडा होता. अमेरिकेबद्दल माझं मत मी अजून बदललेलं नाही.

आणखी एक तुम्हाला सांगायचं आहे. हे तुम्हाला कुणीच सांगितलं नसणार, कारण मलाच दहाव्याला कळलं.

घाटावर पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो होतो. शेजारी आंबेवस्तीचे बाबूतात्या. त्यांना ऐकू कमी येतं, कानाच्या मशिनची बॅटरी ते सणासुदीलाच घालतात. त्यांनी मला विचारलं, ‘भाचे, मामाला काळ्यांच्या घरचं यवढं कसं म्हाईत व्हतं रं?’

‘कसं म्हणजे, तात्या?’

‘आरं, त्यानंच न्हाई का सांगितलं? काळ्याकडचा पायजे म्हणून. मला वाटलं, जानता मानूस सांगतोय, काय तरी इचार आसंल. मंग मी काळे लिवलं.’

मी त्यांच्या कानाशी म्हणालो, ‘तात्या, मामा म्हणाले, काळा घोडा पायजे.’

‘घोडा?’ तात्या माझ्याकडं बघत राहिले. ‘घोड्याचं काय काम?’

मामा, मला हसू आवरेना. दहाव्याच्या घाटावर, डोकं भादरलेला, मी तोंडावर उपरणं धरून हसत होतो आणि लोकांना वाटलं मी रडतोय. दोन्ही खरं होतं. तुमचा काळा घोडा ना शिकागोहून आला, ना न्यूयॉर्कहून. तो बाबूतात्यांच्या बंद मशिनमधून आला. एक मत चुकून पडलं आणि पस्तीस मतं समजून पडली. ती पस्तीस कुणी ऐकायला चुकल्यामुळं नव्हती. ती मी स्वतः मोजली आहेत. कावळा त्यानंतर दोन मिनिटांत शिवला. कशासाठी, ते मला माहीत नाही. मी फक्त वेळ लिहिली.

तात्यांना मी काही सांगितलं नाही. सुमनताईंना मात्र सांगितलं, कारण आकडा ज्याचा त्याला तो कसा आला हे कळायला पाहिजे. त्या म्हणाल्या, ‘म्हंजी तोवर मामांनी मला बघितलंबी नव्हतं?’

‘नाही.’

‘बरं झालं. बघून निवडलं आसतं तर उपकार झालं आसतं.’

सव्वीस फेब्रुवारीला समितीच्या पहिल्या सभेत त्यांची निवड कागदावर झाली. तुम्ही सहा दिवस आधी गेलात. सभेत तुमच्या नावानं दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं, आणि आबांनी घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं सगळ्यांना उभं ठेवलं. शेवटच्या दहा सेकंदांत कुणीतरी खोकलं, तर त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं.

मोटार दौंडला भरायला टाकली होती. मिस्त्रीचं बिल आलं. सुमनताईंनी ते तीनदा वाचलं आणि त्याला फोन लावला. मी समोर बसलो होतो.

‘मिस्त्री, एका मोटारीला बेअरिंग किती आसत्यात?’

‘दोन, ताई.’

‘आन् बिलात चार हायत.’

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग, ‘हात चुकला, ताई. मोटार तशी झकास झालीय.’

‘तुमचं काम चांगलंच हाय. बिल नवीन द्या.’

सहा मार्चला मोटार बसली. सकाळी नऊला स्टार्टर दाबला. पाचवी वस्ती, सहावी, सातवी. पोरं पाईपला कान लावत पळत होती. नवव्या वस्तीच्या चेंबरमध्ये आधी हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. अकरा वाजून चार मिनिटं. रंगनाथनं ओंजळ भरून आबांच्या अंगावर पाणी उडवलं आणि आबांनी त्याला शिवी दिली, दहा वर्षांत पहिल्यांदा हसत. मामी आल्या होत्या. त्यांनी चेंबरच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडले.

त्याच दुपारी नवीन बिलाप्रमाणं रक्कम दिली: एक लाख चार हजार दोनशे रुपये, दौंडच्या मोटार भरणाऱ्या मिस्त्रीला, चेकनं. खाली सचिवाची सही, वर सुमन काळे, अध्यक्ष.